वेलनेस कोचिंग आणि समावेशनाचे काम एकत्र कसे सुरू करावे: नाशिकमधील नवोदितांसाठी

सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात सततच्या डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या महिला कामगाराला भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देणे सोपे असते. ती मान हलवते, पुढच्या भेटीला येते आणि पाणी पूर्वीइतकेच कमी पिते. जरा खोदून विचारले की कळते, तिच्या शेडमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. ते ऑफिसच्या इमारतीत आहे, जाऊन यायला दहा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ लाइन सोडायची तर पुरुष सुपरवायझरला कारण सांगावे लागते. म्हणून ती घरून निघाल्यापासूनच पाणी टाळते. अशा वेळी तिला सवयी बदलण्याचे धडे देत राहणारा कोच तिची फसवणूक करत असतो, आणि स्वच्छतागृहाचा विषय फक्त धोरणाच्या कागदावर मांडणाऱ्या समावेशन सल्लागाराला तिची डोकेदुखी कधी दिसतच नाही.

या दोन कामांना जोडणारा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या नवख्या व्यक्तीसाठी हा लेख आहे. वेलनेस कोचिंग म्हणजे झोप, आहार, हालचाल, ताण आणि दिनक्रम यांबाबत एकेका व्यक्तीशी ठरावीक काळ बोलून, तिने स्वतः निवडलेला बदल तिच्याकडून पार पडेपर्यंत सोबत राहणे. विविधता आणि समावेशन, ज्याला एचआर विभागात सरसकट डीईआय म्हणतात, म्हणजे लिंग, जात, धर्म, भाषा, अपंगत्व, वय किंवा नोकरीचा प्रकार यांमुळे कोणाला कामाच्या ठिकाणी बाहेर राहावे लागत असेल, तर ती व्यवस्था बदलणे. पहिले काम माणसाकडे पाहते आणि दुसरे मांडणीकडे. समोर आलेल्या तक्रारीतला माणसाचा भाग किती आणि मांडणीचा किती, हे वेगळे करता येणे हेच या जोडव्यवसायाचे खरे कौशल्य आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी थोडे अभ्यासाचे

गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी आपल्या क्षेत्राच्या मर्यादा माहीत असाव्यात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 2016 साली सुमारे 5,000 कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वेलनेस कार्यक्रमात निवडले गेले, काहींना नाही. वर्षभरानंतर दोन गटांच्या वैद्यकीय खर्चात, सवयींत किंवा गैरहजेरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आरोग्य तपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढले. त्याहून बोलके निरीक्षण असे की, ज्यांनी आपणहून भाग घेतला ते बहुतांशी आधीपासूनच निरोगी होते. ब्रिटनमधील 233 संस्थांतील 46,336 कर्मचाऱ्यांच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ध्यान, ताण-व्यवस्थापन, मोबाइल अॅप अशा वैयक्तिक उपायांत सहभागी झालेले लोक सहभागी न झालेल्यांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. ही पाहणी एकाच वेळी घेतलेली होती, त्यामुळे कारण-परिणामाचा निर्णय तिच्यावरून देता येत नाही, पण इशारा म्हणून ती पुरेशी आहे.

दुसरीकडे, ब्रिटिश सरकारी नोकरांवर 1967 पासून सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने दाखवले की, हुद्द्याची पायरी जितकी खालची तितके हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक, आणि हा फरक फक्त धूम्रपान किंवा रक्तदाबाने पूर्ण समजावता येत नव्हता. या अभ्यासाशी जोडलेले संशोधक मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांच्या पुढच्या कामात, स्वतःच्या कामावर माणसाचा किती ताबा आहे हा घटक वारंवार पुढे आला. कोणाला बस मिळते, कोणाला सुट्टी मागता येते, कोणाचे म्हणणे सुपरवायझर ऐकतो, हे सगळे ताब्याचेच प्रश्न आहेत. समावेशनाचे काम आरोग्याचे काम का आहे, हे व्यवस्थापनाला समजावताना मला तरी याहून चांगला आधार सापडलेला नाही.

पहिली पायरी: स्वतःची तयारी आणि स्वतःची हद्द

भारतात ‘वेलनेस कोच’ म्हणवून घेण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. ही सोय नसून जबाबदारी आहे, कारण उद्या कोणीही कार्ड छापून तुमच्या शेजारी उभे राहू शकते. प्रशिक्षण घ्यायचे असेल तर प्रत्यक्ष संवादाचे तास आणि अनुभवी कोचची देखरेख किती आहे, हे आधी विचारावे. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या मान्यतेसाठी 60 तासांचे प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ती मान्यता घ्या किंवा घेऊ नका, पण शंभर तास बोलल्याशिवाय कारखान्यात पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हद्द त्याहून महत्त्वाची आहे. निदान, औषध आणि मानसोपचार हे आपले काम नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये अशा व्यावसायिकांची व्याख्या दिलेली आहे. आत्महत्येचे विचार, घरातील मारहाण, दारूची सोडता न येणारी सवय किंवा आठवडे-आठवडे न येणारी झोप समोर आली, तर कोचिंग थांबवून योग्य ठिकाणी पाठवावे. सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तो क्रमांक आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि नाशिकमधील दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञांशी काम सुरू होण्याआधीच ओळख करून घ्यावी. अडचणीच्या दिवशी गुगलवर शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

दुसरी पायरी: कायद्याची किमान ओळख

वकील होण्याची गरज नाही, पण चार-पाच कायद्यांतील आकडे तोंडपाठ हवेत.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक करतो. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असावी लागते, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार करायची असते, समितीला ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवता येते, आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या वर्कशॉपमधील महिलेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अंबडच्या गल्ल्यांतील छोट्या युनिटमध्ये ही गोष्ट मालकालाही अनेकदा माहीत नसते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकारची अपंगत्वे मानतो आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे असे सांगतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांसाठी त्या धोरणात काय असावे, हे 2017 च्या नियमांत आहे. तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा 2019 चा कायदा नोकरीतील भेदभावाला मनाई करतो आणि तक्रार अधिकारी नेमायला लावतो. एचआयव्हीसंबंधीचा 2017 चा कायदा संसर्गाच्या कारणावरून नोकरी नाकारण्यास बंदी करतो, म्हणून आरोग्य शिबिरात कोणत्या चाचण्या घेतल्या जातात आणि अहवाल कोणाच्या टेबलावर जातो, याची चौकशी आपण केलीच पाहिजे. प्रसूती रजा 26 आठवड्यांची असून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय लागते.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्या कंपनीत आपण कोच आहोत, तिथल्या अंतर्गत समितीचे बाह्य सदस्यत्व स्वीकारू नये. एकाच व्यक्तीने सकाळी विश्वासाने ऐकायचे आणि दुपारी चौकशीला बसायचे, हे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे आहे. सत्रात कोणी छळाविषयी बोलले तर आपण तपास करायचा नाही, मध्यस्थीही करायची नाही. समिती कुठे आहे, मुदत किती आहे आणि अर्ज लिहायला मदत कशी मिळते, एवढे शांतपणे सांगावे आणि निर्णय तिच्याकडे सोपवावा.

तिसरी पायरी: बोलण्याआधी फिरणे

पहिल्या भेटीत सादरीकरण घेऊन जाऊ नये. तिन्ही पाळ्यांत किमान एकेकदा कारखाना पाहण्याची परवानगी मागावी. नाशिकची कामगारवस्ती एकजिनसी नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून आयटीआय करून आलेली मुले, बागलाण-मालेगावकडचे अहिराणी बोलणारे कामगार, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आणि सिडकोत खोली करून राहणारे तरुण, आणि पिढ्यान्‌पिढ्या शहरातच असलेले लोक एकाच लाइनवर उभे असतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हंगामात मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात, आणि त्यांची नावे कायम कर्मचाऱ्यांच्या यादीत नसतात.

फिरताना काय पाहावे? कायम आणि कंत्राटी कामगारांचे गणवेश वेगळे आहेत का. कॅन्टीनचे ताट, कंपनीची बस आणि दवाखाना दोघांना सारखाच मिळतो का. सूचनाफलक कोणत्या भाषेत आहे. आगीचा भोंगा ऐकू न येणाऱ्याला दिव्याने कळतो का. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस मुलींना कुठपर्यंत सोडते. कॅन्टीनमध्ये कोण कोणाबरोबर डबा उघडतो, हे तर न विचारता दिसते. ‘आमच्याकडे जातपात नाही’ हे वाक्य प्रत्येक कंपनीत ऐकू येते. ज्या शहरात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला, त्या शहरात समावेशनाला परदेशी खूळ म्हणण्याचे कारण नाही. आज दार बंद नसते. नव्या मुलाला नाव सांगितल्यावर ‘आणि आडनाव?’ असे विचारले जाते, आणि त्यानंतरची शांतता पुष्कळ काही सांगून जाते.

चौथी पायरी: करार, आणि त्यातील गुप्ततेचे कलम

या कामाचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. पैसे कंपनी देते आणि मनातले कामगार सांगतो. या दोघांमध्ये आपण उभे असतो. कोणती माहिती कोणाकडे जाईल हे कागदावर नसेल, तर पहिल्याच महिन्यात एखादा व्यवस्थापक सहज विचारतो, ‘अमुक येतो का हो तुमच्याकडे? काय म्हणतो?’ मी सुरुवातीच्या काळात एका कंपनीत अशा प्रश्नाला ‘हो, येतात’ एवढेच उत्तर दिले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या विभागातून कोणी आले नाही. ‘येतात’ हा शब्दसुद्धा माहिती असतो, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून करारात साध्या मराठीत लिहावे की, कोण आले हे कंपनीला सांगितले जाणार नाही. सत्रातील नोंदी कोचकडेच राहतील. कंपनीला फक्त एकत्रित निरीक्षणे मिळतील. आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाविषयी वेगळे निरीक्षण दिले जाणार नाही. हा दहाचा आकडा माझा नियम आहे, कायद्याचा नाही. मेंटेनन्स विभागात एकच महिला असेल आणि ‘मेंटेनन्समधील महिलांना अमुक त्रास होतो’ असे अहवालात आले, तर नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. जीवाला धोका असेल तेव्हाच गुप्तता मोडेल, हा एकमेव अपवादही लिहावा आणि प्रत्येकाला पहिल्या भेटीत वाचून दाखवावा. डिजिटल व्यक्तिगत माहितीविषयी 2023 चा कायदा असल्याने नोंदी मोबाइलवर ठेवणाऱ्यांनी अधिकच सावध राहावे. मी कागदी वही आणि नावाऐवजी खूण वापरतो.

बिलाची पद्धतही गुप्ततेशी जोडलेली आहे. डोकी मोजून बिल लावले की लेखा विभाग यादी मागतो. त्यामुळे दिवसाचा दर ठरवावा. त्याच करारात ‘कंत्राटी आणि हंगामी कामगारांसह’ हे शब्द घालून घ्यावेत, नाहीतर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच बाहेर राहतात. आणि सत्रे कामाच्या वेळेत, पगारी वेळेत व्हावीत. पाळी संपल्यावर ठेवलेल्या सत्राला घरी स्वयंपाक वाट पाहत असलेली बाई येणार नाही. जागा एचआरच्या केबिनशेजारची किंवा काचेची नसावी. कामगार संघटना असेल तर तिच्या प्रतिनिधींना हा मसुदा आधीच दाखवावा. व्यवस्थापनाचा माणूस अशी आपली ओळख एकदा झाली की ती पुसता येत नाही.

पाचवी पायरी: सत्रे आणि दोन वह्या

पहिल्या महिन्यात प्रत्येकासाठी पाऊण तास पुरेसा आहे. सल्ला देण्याआधी कालच्या दिवसाचे वर्णन सकाळी उठल्यापासून विचारावे: किती वाजता उठलात, काय खाल्ले, बस कुठे पकडली, कोणाशी बोललात, कुठे बसायला मिळाले. थर्ड शिफ्टच्या माणसाला ‘रात्री दहाला झोपा’ सांगणारे तक्ते घरीच ठेवावेत. आहाराचा सल्ला समोरच्याच्या डब्यातून निघावा. सुरगाण्याच्या मुलाला ओट्स सुचवणे हास्यास्पद आहे. त्याच्या घरची नागलीची भाकरी त्याहून सरस आहे, फक्त शहरात खोलीवर राहू लागल्यापासून ती सुटलेली असते आणि कॅन्टीनमध्ये ती मागायला त्याला लाज वाटते. रोजा, एकादशी, मांसाहार यांवर आपले मत देऊ नये. वजन कमी करण्याच्या स्पर्धा तर कधीच घेऊ नयेत. गरोदर, अपंग, थायरॉइडने त्रस्त आणि मुळातच अशक्त असलेल्या माणसांना त्या सर्वांसमोर उघडे पाडतात. योगासनांचे वर्ग ठेवले तर ऐच्छिक ठेवावेत, आणि न येणाऱ्याला कारण विचारू नये.

प्रत्येक सत्रानंतर दोन वह्यांत नोंद करावी. पहिल्या वहीत त्या व्यक्तीने ठरवलेला बदल येतो: दुपारच्या चहातील साखर, झोपेआधीचा मोबाइल, आठवड्यातून तीन दिवस गोदाकाठी चालणे. दुसऱ्या वहीत व्यक्तीची खूणही नसते, फक्त अडथळा असतो: ‘पाणी टाळणे, स्वच्छतागृह लांब’, ‘बसायला स्टूल नाही’, ‘सुट्टीचा अर्ज इंग्रजीत’, ‘टोपणनावाने हाक मारतात’. एखादी तक्रार कोणत्या वहीत जावी हे कळेनासे झाले, तर एक कसोटी उपयोगी पडते. त्या जागेवर उद्या दुसरे माणूस आणून उभे केले तर त्यालाही हाच त्रास होईल का? होईल असे वाटले, तर नोंद दुसऱ्या वहीची. त्या जातीच्या, लिंगाच्या किंवा भाषेच्या माणसालाच होईल असे वाटले, तर तीही दुसऱ्याच वहीची, आणि अधिक ठळक अक्षरात.

यात एक धोका आहे. सगळेच दुसऱ्या वहीत ढकलण्याचा मोह होतो, विशेषतः ज्यांना अन्यायाची चीड आहे अशा कोचला. समोरच्या माणसाला आजची रात्र नीट झोपून काढायची असते. व्यवस्था सहा महिन्यांनी बदलेल हे ऐकून त्याला झोप लागत नाही. म्हणून प्रत्येक भेटीतून त्याच्या हातात असलेली एक तरी छोटी गोष्ट ठरलीच पाहिजे.

सहावी पायरी: व्यवस्थापनासमोर मांडणे

तीन महिन्यांनी दुसरी वही उघडून, जे अडथळे अनेकदा आले तेवढेच निवडावेत. पंधरा मागण्यांची यादी दिली की एकही पूर्ण होत नाही. तीन दिल्या तर दोन होतात. प्रत्येकासोबत खर्चाचा अंदाज, जबाबदार विभाग आणि तारीख लिहावी. शेडजवळ स्वच्छतागृह, लाइनवर बदली माणूस देण्याची पद्धत आणि सुट्टीचा मराठी-हिंदी अर्ज, अशी मांडणी कारखान्याच्या माणसाला लगेच समजते, कारण गुणवत्तेच्या बैठकीत तो रोज अशाच भाषेत बोलतो.

यानंतरच सुपरवायझरांसाठी गटसत्र ठेवावे. ‘पूर्वग्रह ओळखा’ छापाचे, सर्वांना सक्तीने बसवलेले दोन तासांचे व्याख्यान फारसे टिकत नाही. सक्तीने माणसे आतून आणखी आडमुठी होतात, असे फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या अभ्यासकांनी अमेरिकेतील कंपन्यांच्या आकडेवारीवरून दाखवले आहे. त्याऐवजी सुपरवायझरांनाच एखादा अडथळा सोडवायला द्यावा. ते स्वतःही थकलेले असतात, वरून उत्पादनाचा आणि खालून तक्रारींचा दाब सोसत असतात. त्यांच्यासाठी वैयक्तिक सत्रे राखून ठेवली तर बराचसा विरोध आपोआप मावळतो.

छोट्या युनिटांना असा खर्च एकट्याने झेपत नाही. तिथे निमा किंवा आयमासारख्या उद्योजक संघटनांमार्फत चार-सहा युनिटांसाठी मिळून एक दिवस ठरवता येतो. असे मिश्र गट गुप्ततेलाही सोयीचे पडतात.

मोजमाप आणि निरोप

किती सत्रे झाली हा आकडा अहवालात लिहावा, पण त्यावर समाधान मानू नये. सुचवलेल्या अडथळ्यांपैकी किती दूर झाले, कंत्राटी कामगारांचा सहभाग किती होता आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांत कोणत्या गटाचे प्रमाण जास्त आहे, हे सहा महिन्यांनी पाहावे. लैंगिक छळाच्या तक्रारी सुरुवातीला वाढल्या तर व्यवस्थापन घाबरते. समितीची माहिती पोहोचल्यावर असे होऊ शकते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

करार संपताना पहिल्या वहीतील पाने ज्याची त्याला परत द्यावीत, न नेलेली त्याच आठवड्यात फाडून टाकावीत. दुसऱ्या वहीची स्वच्छ प्रत, कोणत्या अडथळ्यावर काय झाले आणि काय राहिले या नोंदींसह, एचआरकडे आणि कामगार प्रतिनिधींकडे एकाच दिवशी द्यावी.